पाचव्या दगडानंतरची हाक

शेवटच्या फेरीच्या दिवशी हाकवालीने सकाळपासून तीनदा पाणी कोमट केलं आणि तिन्ही वेळा ते प्यायचं राहून गेलं. एकतीस वर्षांच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं. घसा हेच जिचं भांडवल, तिने मचाणावर चढण्याआधी दोन पेले कोमट पाणी घशाखाली घालायचं असतं. पण आज तिचं लक्ष ना चुलीकडे होतं ना पेल्याकडे. दाराशी नवरा बादलीत चुना कालवत बसला होता, मजेत शीळ घालत होता, आणि प्रत्येक शिळेला ती हातातलं टाकून त्याच्याकडे बघत होती.

"अगं, एवढी गप्प का आज?" तो म्हणाला. "आवाज जपून ठेवतेयस की काय? उद्यापासून तो मला एकट्यालाच ऐकायचाय, दिवसभर."

"तुम्ही चुन्याकडे बघा. गुठळ्या राहतायत."

गुठळ्या मुळीच राहत नव्हत्या. त्याच्या चुन्यात कधीच राहत नसत. त्याने बादलीत पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा दहा वेळा काठी फिरवली. असा माणूस. त्याच्याशी भांडायचं म्हटलं तरी दोघांचंही काम एकटीलाच करावं लागे.

या दोघांचं काम काय ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. गावाच्या उत्तरेला जंगल आहे आणि जंगलापलीकडे दुसरं राज्य. दोन्ही राज्यांची हद्द जंगलाच्या पोटातून जाते. त्या हद्दीवर तीनशे बारा दगड आहेत. दरवर्षी प्रत्येक दगडाला चुना फासायचा, कारण करारातच तसं लिहिलंय: ज्या दगडाला वर्षभर चुना लागला नाही, तो कोणाचाच नाही. आत जाऊन चुना फासतो तो खूणवाला. आणि तो आत असेपर्यंत काठावरच्या उंच मचाणावर बसून, पत्र्याचा कर्णा तोंडाला लावून जी त्याच्याशी सतत बोलत राहते ती हाकवाली. तिचं बोलणं थांबलं की आतला माणूस विसरतो. म्हणजे चुना फासायला विसरत नाही, हात आपले चालू असतात. आपण कुठल्या बाजूने आलो ते विसरतो. मग काम आटोपलं की तो निवांतपणे पलीकडे चालू लागतो, तिकडच्या गावात कोणाच्याही दारात जाऊन उभा राहतो आणि आपलंच घर असल्यासारखा विचारतो, "जेवायला काय केलंय?"

हे असं का होतं याची दोन उत्तरं आहेत. कचेरीतल्या जाड पुस्तकात लिहिलंय, "हवेतील दोष." ज्याने लिहिलं तो आत कधी गेला नसणार. लोक सांगतात ते वेगळं. दीडशे वर्षांपूर्वी इथे जंगलच नव्हतं, शेतं होती. त्या शेतांच्या पट्ट्यासाठी दोन राजे नऊ वर्षं भांडले. माणसं एवढी मेली की शेवटी भांडायला कोणी उरेना, तेव्हा दोघांना शहाणपण सुचलं आणि तह झाला. तहाचं पहिलंच कलम: या पट्ट्यात जे घडलं ते दोन्ही बाजूंनी कायमचं विसरावं. मेलेल्यांना तिथेच मातीत घातलं, नाव न लावता, कारण नाव लावलं की आठवण आली. वर झाडं लावली. दुसरं कलम: इथे कुऱ्हाड चालवू नये. पुढे राजे मेले, त्यांची मुलं मेली, कागद कुठल्या कपाटात गेला कोणालाच ठाऊक नाही. झाडांनी मात्र ते पहिलं कलम जिवापाड सांभाळलं. विसरावं म्हटलंय ना? मग जो आत येईल त्याने विसरावं. सरकारी हुकूम इतक्या इमानाने पाळणारं या मुलखात दुसरं कोणी सापडायचं नाही.

सुरुवातीला कचेरीने खूणवाल्यांच्या कमरेला दोरी बांधून पाहिली. आत गेल्यावर माणूस त्या दोरीकडे बघे, ही कोणाची बुवा, असं म्हणे, आणि सोडून, नीट गुंडाळून, झाडाला अडकवून ठेवी. हरवलेली वस्तू मालकाला सापडावी म्हणून. मग नगारे वाजवून पाहिले. नगाऱ्याचा आवाज दोन्ही बाजूंना सारखाच, त्याने कोणाला काय घर कळणार? शेवटी गाडं अडलं होतं ते एका परटिणीने सोडवलं. तिचा नवरा घराची किल्ली खिशात घालून आत गेला होता. ओल्या कपड्यांचा ढीग दारात, दाराला कुलूप, आणि हा गेलाय दगड रंगवायला. ती तरातरा जंगलाच्या काठावर गेली आणि लग्नाच्या दिवसापासूनचा एकेक गुन्हा काढून तिने त्याची जी हजेरी घेतली, ती तीन तास चालली. त्या दिवशी पंधरा जण आत गेले होते. परतला तो एकटा, कान लाल झालेले आणि किल्ली हातात.

तेव्हापासून हाक घरच्या माणसाने द्यायची आणि घरचंच बोलायचं असा नियम पडला. त्याला आणखी तीन नियम चिकटले. शंभर आकडे मोजून होतील इतका वेळ कधी थांबायचं नाही. आतल्या माणसाला जे माहीत आहे तेच बोलायचं, नवीन काही घालायचं नाही, नाहीतर त्याला वाटतं हे कोणा परक्याचं घर आहे. आणि रडायचं नाही. रडणारा आवाज कोणाचाही असू शकतो.

हाकवाली मचाणावर पहिल्यांदा चढली तेव्हा पंचवीस वर्षांची होती आणि तिला दोन वर्षांची मुलगी होती. मुलगी दिवसभर किंचाळायची. भूक लागली की, पोट भरलं की, मांजर दिसलं की, मांजर गेलं की. म्हणून तिला सगळे टिटवी म्हणायचे. पहिले नऊ महिने हाकवालीला विषय शोधावा लागला नाही. टिटवीने काल काय केलं एवढं सांगत बसलं तरी सगळे दगड संपायचे, आणि आतून प्रत्येक दगडानंतर नवऱ्याची लांब शीळ यायची. एक दगड झाला की एक शीळ, अशी त्यांची रीत होती. टिटवीचा पराक्रम मोठा असला तर शीळ दोनदा यायची.

मग टिटवी तापाने गेली. पाच दिवस ताप होता. बाराव्या दिवशी नवऱ्याला आत जावं लागलं. ती मचाणावर चढली, कर्णा तोंडाला लावला, सवयीने टिटवीचंच नाव तोंडात आलं आणि आवाज चिरकला. तेव्हाचे साहेब खाली उभे होते. त्यांनी मान वर करून शांतपणे सांगितलं, "आवाज सांभाळा बाई. जमत नसेल तर खाली उतरा." खाली उतरायचं म्हणजे काय, ते तिला कळत होतं. घरात दुसरं कोणी नव्हतं. ती उतरली असती तर संध्याकाळी नवरा पलीकडच्या कोणाच्या तरी दारात जेवण मागत उभा राहिला असता. मूल गेलं होतं, आता नवराही. ती गळक्या छपराबद्दल बोलायला लागली. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांच्या बकरीबद्दल. असं करत करत टिटवीला वगळून बोलायची तिला सवय लागली.

आता हे जंगल मोठं बेरकी. जे रोज बोललं जातं ते माणसाकडे टिकतं, जे कधीच बोललं जात नाही ते आत गेल्यावर थोडंथोडं झिजतं. सगळ्याच खूणवाल्यांचं काहीबाही झिजायचं, कोणाच्या शाळासोबत्यांची नावं, कोणाला कधीकाळी येणारं गाणं. कचेरी त्याला किरकोळ म्हणे. नवऱ्याच्या डोळ्यांतलं पाणी वर्षभरात थांबलं तेव्हा हाकवालीला वाटलं, पुरुषमाणूस आहे, सावरला. पुढे मुलगा झाला. तो सात महिन्यांचा असताना नवऱ्याने ट्रंकेतून एक बोटभर चप्पल काढली आणि विचारलं, "एवढीशी चप्पल कोणाची गं ही?"

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो थट्टेखोर माणूस, पण अशी थट्टा कोणी करत नाही. तो खरोखर विचारत होता. चुलीवर दूध उतू जात होतं, कडेवर पोर रडत होतं, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "शेजारच्या मुलीची असेल."

"देऊन टाक मग," तो म्हणाला आणि ट्रंक बंद केली.

पुढे महिन्याभराने तिने त्याला समोर बसवून सगळं सांगितलं. टिटवीचं नाव, किंचाळणं, ताप, सगळं. त्याने फार मनापासून ऐकलं. त्याचे डोळेसुद्धा ओले झाले. मग तो म्हणाला, "फार वाईट झालं. कोणाची मुलगी म्हणालीस?"

पुन्हा तिने तो विषय काढला नाही. ती ओळखून चुकली की घरात सांगितलेलं त्याला लागत नाही. टिटवीला आई होती, बाप नव्हता. आणि याचा राग त्याच्यावर काढावा म्हटलं तरी त्याला जागा नव्हती, कारण मचाणावर बसून एकेक दिवस ती आठवण झिजू दिली ती तिनेच. त्याला वाचवण्यासाठी दिली हे खरं. पण दिली.

अशी वर्षं गेली. मुलगा मोठा झाला, शहरात पुस्तकं बांधायच्या कामाला लागला, त्याचं लग्न झालं. तीस वर्षं ती टिटवीला एकटीने सांभाळत आली आणि तिला वाटायचं, आपण आहोत तोवर ती आहे. मग गेल्या महिन्यात एकदा पीठ मळता मळता तिच्या मनात सहज आलं की हसताना टिटवीच्या गालावर खळी पडायची. आणि कुठल्या गालावर, ते आठवेना. तिने हात थांबवले. डोळे मिटले. डावा म्हणावं तर डावा वाटे, उजवा म्हणावं तर उजवा. पिठाच्या हातांनी ती तशीच खाली बसली. हिला कोणत्या जंगलाने गाठलं होतं? वयाने, दुसरं काय! आज खळी गेली, उद्या नाव जाईल, आणि मग ती मुलगी कधी झालीच नव्हती असं होऊन जाईल. 

त्याच आठवड्यात कचेरीचा कागद आला. नवऱ्याची साठी झाली, या महिनाअखेर शेवटची फेरी, त्यानंतर आत जायचं नाही.

जुनी हाकवाली, जिने हिला काम शिकवलं, कचेरीमागच्या दोन खोल्यांत राहत होती. ऐंशीच्या घरात पोचलेली आणि ठार बहिरी. जन्मभर दुसऱ्याला ऐकवलं, आता कोणाचं ऐकायचं नाही, असं ती स्वतःच म्हणायची. हिला जे विचारायचं होतं ते कोणाच्या कानावर जाऊ नये असं, आणि बोलायचं ओरडून. तिने दार लावलं, खिडकी लावली आणि म्हातारीच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "त्यानं विसरलेलं त्याला परत देता येतं का?"

"घरात नाही," म्हातारी तेवढ्याच मोठ्याने म्हणाली. "जिथं गेलं तिथंच द्यावं लागतं. आत."

"पण नियम?"

"नियम आहे तो उगाच नाही. माझा भाऊ वडलांचा चेहरा विसरला होता. मी मचाणावरून सांगितला, नाक, डोळे, मिशी. त्याला मिळाला. शीळ घालत बाहेर आला. आणि माझ्या शेजारच्या मचाणावरची, आठवते? तिनं नवऱ्याला त्याच्या पहिल्या बायकोचं सांगितलं. दया आली होती तिला. तो आतच गप्प झाला. आता पलीकडे टोपल्या विणतो. नदीवरच्या बाजारात दोनदा समोर आला, हिला म्हणाला, बाई, घ्यायची का टोपली."

हाकवाली पुन्हा तिच्या कानाशी वाकली. "मग मी काय करू?"

"मला विचारशील तर गप्प बस. म्हातारपणी नवरा हाताशी असलेला बरा." म्हातारीने तिच्याकडे नीट पाहिलं. "पण तू खिडक्या लावून विचारायला आलीस. म्हणजे तुझं ठरलंय. देणार असशील तर मधल्या दगडाला दे. तिथं जंगल दाट. आणि रडलीस तर संपलं."

तेव्हापासून तिचा जीव टांगणीला लागला होता. नवरा विहिरीवर गेला की ती भिंतीकडे तोंड करून सगळं बोलून बघे. पहिल्यांदा चौथ्या वाक्याला आवाज फुटला. विसाव्या वेळी ती वाण्याला यादी सांगावी तशी शेवटपर्यंत बोलू शकली. तरीही रोज दुपारी ती ठरवायची की नको, आणि सकाळी उठून भिंतीपुढे उभी राहायची. त्याला काहीच विचारता येत नव्हतं. तुम्हाला तुमची मुलगी हवी आहे का, पण त्यासाठी तुम्ही कदाचित माझे उरणार नाही, हे ज्याला मुलगीच माहीत नाही त्याला कसं विचारायचं? त्याच्या जिवाचा निर्णय ती त्याच्या पाठीमागे घेत होती. हे वाईट होतं आणि ते तिला कळत होतं.

तर शेवटचा दिवस. साहेब मचाणाखाली खुर्ची टाकून हजर. हे चार महिन्यांपूर्वी बदलून आलेले, तरुण, हुशार आणि प्रत्येक गोष्टीची यादी मागणारे. त्या दिवशी नवऱ्याच्या वाट्याला आलेल्या नऊ दगडांचे नऊ विषय तिने लिहून दिले होते. पहिला छप्पर, दुसरा बकरी, आणि पाचव्यानंतर मुलाचं लग्न.

"मावशी, शेवटचा दिवस आहे म्हणून भावनेच्या भरात काही जादा नको हं," साहेब हसून म्हणाले. "शीळ चुकली तर वर उत्तर मला द्यावं लागतं."

"नाही साहेब," ती म्हणाली. खोटं बोलायला ती तयारच होती.

नवऱ्याने बादली उचलली, कुंचला कमरेला खोचला. गुडघे धरून दोन पावलं चालला आणि मागे वळून म्हणाला, "बकरीची गोष्ट जरा नीट सांग आज. दर वेळी शेवट घाईत उरकतेस."

एवढं बोलून तो झाडांत शिरला. तो दिसेनासा होईपर्यंत ती बघत राहिली. मग शिडी चढून वर गेली.

पहिली शीळ आली. दुसरी आली. बकरीची गोष्ट तिने नीट सांगितली, बकरीने आधीच्या साहेबांची टोपी खाल्ली आणि साहेब टोपीसाठी तीन दिवस बकरीच्या मागे कसे हिंडले ते सगळं, आणि आतून शीळ दोनदा आली. खाली बसलेले साहेबही हसले. तिला हसू आलं नाही. तिने पदराने कर्णा पुसून घेतला. तिसरी शीळ. चौथी. मग बराच वेळ लागून पाचवी, लांबून, झाडांतून गाळून आल्यासारखी बारीक.

अजूनही मुलाच्या लग्नाचं बोलता आलं असतं. तोंडात पहिलं वाक्य तयार होतं. संध्याकाळी दोघं घरी गेली असती, त्याने चुन्याचे हात धुतले असते आणि पुढची वीस वर्षं तिची थट्टा केली असती.

"अहो," ती म्हणाली, "आपल्याला मुलगी होती."

जंगल हललंही नाही.

"आपली पहिली. तिला सगळे टिटवी म्हणायचे. नाव तुम्हीच पाडलंत. ती मांजर आलं की ओरडायची आणि मांजर गेलं की ओरडायची. तुम्ही तिला खांद्यावर घेऊन विहिरीवर जायचात आणि ती विहिरीत ओरडायची, आवाज परत येतो म्हणून."

साहेब खुर्चीवरून उठले. "मावशी! मावशी, हे यादीत नाही!"

"तिला ताप आला. पाच दिवस होता. तुम्ही वैद्याकडे दोनदा चालत गेलात. पाचव्या दिवशी दुपारी मला झोप लागली. चार रात्री जागले होते, बसल्या जागी डोळा लागला. जाग आली तेव्हा ती गेली होती. तुम्ही तिच्याजवळ होतात. मी नव्हते."

सहाव्या दगडाची शीळ यायची वेळ होऊन गेली होती. तिने जिवाचे कान केले. पान वाजत नव्हतं. मनात आकडे सुरू झाले, सत्तावीस, अठ्ठावीस. खालून साहेब ओरडत होते, "लग्नाचं बोला! मुलाच्या लग्नाचं बोला, अजून वेळ आहे!"  तो आता कुठे असेल? कुंचला हातात धरून उभा असेल, की बादली उचलून चालायला लागला असेल पलीकडे? टोपल्या विणणारा तो माणूस तिच्या डोळ्यांपुढे आला. बाई, घ्यायची का टोपली. पंचावन्न, छप्पन्न. लग्नाचं बोलावं का? पण आता माघार घेतली तर टिटवी पुन्हा गेली, आणि या वेळी आईनेच घालवली.

"ती चप्पल शेजारच्या मुलीची नव्हती," ती कर्ण्यात म्हणाली. आवाज कोरडा होता, भिंतीपुढे घोटलेला. "मी खोटं बोलले. तिचीच होती. मी देऊन टाकली नाही, माझ्याकडे आहे. तुम्ही विसरलात त्यात तुमचा काही दोष नाही. मी बोलले नाही म्हणून तुम्ही विसरलात. तुम्ही परत यावं म्हणून मी बोलले नाही. आता बोलतेय. तुम्ही येणार नसलात तर माझाच दोष आहे. पण ती होती. पावणेतीन वर्षं होती. अहो, ऐकताय ना?"

शीळ आली नाही. तिने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मग आणखी एकदा. उन्हं मचाणाच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला आली. साहेब डोकं धरून खाली बसले होते. तिचा घसा सोलवटला, शब्दांच्या जागी नुसती खरखर यायला लागली, तरी ती थांबली नाही, कारण थांबलं तर काय ऐकू येणार ते तिला ठाऊक होतं. काहीच नाही.

मग झाडांत काहीतरी हललं. आधी हात दिसले, कोपरापर्यंत पांढरे. बादली नव्हती, कुंचला नव्हता. तो अलीकडच्या बाजूने येत होता, पण अलीकडे आला म्हणजे ओळखून आला असं नव्हे. ती शिडीवरून उतरली, शेवटची पायरी चुकली, गुडघा फुटला, तशीच त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"चार दगड राहिले!" साहेब म्हणाले. त्याने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"अहो," तिने विचारलं, "मला ओळखलंत ना?"

 तो जमिनीवरच बसला आणि रडायला लागला. तीस वर्षांपूर्वी गेलेल्या मुलीसाठी कोणी असं रडत नाही. असं रडतो तो ज्याची मुलगी आज दुपारी गेली तो माणूस.  तो येईल की नाही याचा घोर तिने महिनाभर केला होता. आला तर काय घेऊन येईल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. तिला वाटलं होतं, दुःखाला जोडीदार मिळेल. पण तिचं दुःख वापरून वापरून मऊ झालेलं होतं, आणि त्याच्या हातात तिने कोरं ठेवलं होतं.

ती शेजारी बसली. त्याच्या पाठीवर हात ठेवला. "उगी," ती म्हणाली. "फार वर्षं झाली आता."

"तुला झाली," तो म्हणाला.

साहेब काही तरी विचारायला पुढे आले आणि दोघांकडे बघून परत गेले. बऱ्याच वेळाने त्याचा श्वास जरा जागेवर आला. तो तिच्याकडे न बघता बोलायला लागला.

"ती जागी होती गं. शेवटी. तुझा डोळा लागला तेव्हा."

टिटवी गेल्यानंतरचे ते अकरा दिवस ती दोघं एकमेकांशी धड बोललीच नव्हती. शेवटी काय झालं हे विचारायचा तिला धीर झाला नव्हता, सांगायचा त्याला झाला नव्हता. मग तो जंगलात जाऊ लागला, आणि हळूहळू विचारायला कोणी उरलंच नाही.

"श्वास कसातरीच व्हायला लागला तिचा," तो म्हणाला. "मी तुला हाक मारणार होतो. तोंड उघडलं, तर तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणाली, ओरडू नको, आई निजलीये. एवढं हळू बोलली. आपली टिटवी."

"मग?"

"मग नाही मारली हाक. मला वाटलं, जरा वेळानं मारू."

 हाकवाली मोठ्याने रडली, आणि त्याने तिला गप्प केलं नाही.